एव्हरेटला मारायचं ठरलं तेव्हा

एव्हरेट लिंडक्विस्टला मारायचं ठरलं ते हॉलिवूडमधल्या एका स्टुडिओच्या कॅन्टीनमध्ये, जेवताना.

"तू मेलास तर सिनेमा उभा राहतो," दिग्दर्शक पेल म्हणाला. "जिवंत राहिलास की मधला सगळा भाग ढेपाळतो."

सिनेमा कर्नल डेल मॅसिंगिलवर होता. युद्धातला नावाजलेला वैमानिक. तीन वर्षांपूर्वी नव्या विमानाची चाचणी घेताना वाळवंटात कोसळून गेलेला. युद्धभर त्याच्या मागच्या आसनावर नकाशे घेऊन बसणारा, वाट सांगणारा नॅव्हिगेटर म्हणजे एव्हरेट. म्हणून त्याला सल्लागार नेमलं होतं. कुठली कळ कुठे असते, कानावरचा हेडफोन कसा बसतो, एवढंच सांगायचं.

पॅसिफिक महासागरावर त्यांच्या विमानाला गोळे लागले तेव्हा एव्हरेटच्या मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला होता. मॅसिंगिलने विमान समुद्रावर उतरवलं आणि दोघेही वाचले. सिनेमात मात्र एकटा मॅसिंगिल वाचणार होता आणि मित्राचं मरण जन्मभर उराशी बाळगणार होता.

"जिवंत माणसाला विचारल्याशिवाय मारता येत नाही, वकील डोकं खातात," पेल हसत म्हणाला. "तुझी काही हरकत?"

एव्हरेटने मनात हरकत शोधून पाहिली. सापडली नाही. युद्धावरून आल्यापासून त्याला कशाचंच फारसं काही वाटत नसे. आई गेली तेव्हाही तो दफनविधीत पावसाची चिन्हं बघत उभा होता.

"मारा," तो म्हणाला. "पण लवकर आटपा. ती मांडी फार दुखते."

घरी त्याने सांगितलं तेव्हा बायको नडीन बटाटे सोलता सोलता खो खो हसली. "म्हणजे मी विधवा! मग मला काळी जाळीची टोपी हवी हं, चांगल्यातली."

"बाबा मेले तर मला शाळेत कोण सोडणार?" जूनीने विचारलं. युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी झालेली ही त्यांची एकुलती एक पोर, आता आठ वर्षांची.

"अगं खोटं खोटं मरणार आहेत," नडीन म्हणाली. "खरं मरायला त्यांना वेळ कुठाय?"

शूटिंगच्या दिवशी विमानाचा नुसता पुढचा भाग स्प्रिंगांवर चढवला होता. दोन माणसं लांब दांडे लावून तो हलवत होती. मागच्या पडद्यावर ढग धावत होते. एव्हरेटचं काम करणारा रेनिक नावाचा पोरगेला नट मागच्या आसनावर बसला, दोनदा खोकला आणि नकाशावर डोकं टेकून मेला.

दांडेवाल्यांपैकी एकाने टोपी काढली. रेनिक खाली उतरला. एव्हरेटच्या अगदी समोर उभं राहून तो इकडेतिकडे बघू लागला.

"लिंडक्विस्ट साहेब आले नाहीत का आज?"

"हा काय इथे," एव्हरेट म्हणाला.

रेनिक दचकला. "माफ करा. डोळ्यांवर दिवे आले."

दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने मान वर केली नाही. एरवी तो "काय कॅप्टन, आज कुठे बॉम्ब टाकायचा?" असं विचारल्याशिवाय आत सोडत नसे. कॉफीवाल्या बाईने रांगेत त्याच्या पुढच्याचा कप भरला, मग थेट मागच्याचा भरला. कपडेपटातल्या मुलीने चालता चालता खुंटीवर टाकावेत तसे त्याच्या हातावर तीन कोट टाकले आणि ती निघून गेली.

आठवडाभरात ते घरापर्यंत आलं. टेबलावर दोनच ताटं दिसू लागली. "बाबांचं?" जूनी म्हणायची, मग नडीन कपाळावर हात मारून तिसरं घ्यायची. पुढे पुढे जूनीलाच उठून ते आणावं लागे. रात्री नडीन पलंगाच्या मधोमध झोपायची आणि सरक म्हटलं तर सरकत नसे.

एव्हरेटला हे सगळं दिसत होतं. वाईट मात्र वाटत नव्हतं. मग एके सकाळी जूनीने दोनदा हाक मारली तरी नडीनला ती दिसेना. "कोण ओरडतंय बाहेर?" असं ती खिडकीकडे बघून म्हणाली, आणि पोर तर तिच्या कुशीला लागून उभी होती.

त्या दिवशी तो पेलच्या खोलीत जाऊन ओरडला. "मला जिवंत ठेवा! शेवटी डोळे उघडू दे त्याला!"

पेल कागद चाळत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने सहायकाला हाक मारली. "मघापासून डोक्यात काहीतरी घोळतंय. पोराने शेवटी डोळे उघडले तर? तोही एक तुकडा घेऊन ठेवू. आधी मरणाचा लावून बघू. लोकांना रुचला नाही, तर हा."

तो तुकडा चित्रित झाला त्या दुपारी कॉफीवालीने एव्हरेटचा कप काठोकाठ भरला. फाटकावर पहारेकरी म्हणाला, "काय कॅप्टन, होतात कुठे इतके दिवस?" घरी टेबलावर तीन ताटं होती आणि नडीन जूनीची वेणी घालत होती. एव्हरेट दारातच उभा राहून ते बघत राहिला.

सिनेमा लोकांना दाखवून बघायचा म्हणून पॅसडीनामधलं एक थिएटर ठरलं. रविवारी दुपारी तिघेही गेले. नडीन कडेला, मध्ये जूनी, मग एव्हरेट.

विमानाला गोळे लागले. रेनिक खोकला. त्याने नकाशावर डोकं टेकलं.

नावडू दे, एव्हरेट मनात म्हणत होता. लोकांनो, कंटाळा, हसा, उठून जा.

मागे कुणीतरी हुंदका दिला. मग ओळीच्या ओळी नाकं पुसू लागल्या. शेवटी दिवे लागले आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मागच्या रांगेत पेल सहायकाचा हात दाबत होता. "हाच," तो म्हणाला. "दुसरा जाळून टाक."

एव्हरेटला भीती वाटली. इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा. त्याने जूनीचा हात घट्ट धरला. तिनेही त्याचा धरला.

नडीनचे डोळे सुजले होते. तिच्या पलीकडच्या बाईने तिला रुमाल दिला.

"तुमचं कुणी होतं का हो युद्धात?"

"माझा नवरा," नडीन म्हणाली. "मागे बसलेला, तोच."

"अरेरे. मुलंबाळं?"

"नाही हो. लग्नाला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते."

"आई," जूनीने तिची बाही ओढली. "आई, चल ना घरी."

नडीनने बाही सारखी केली. वारा येतोय ते कुठलं दार उघडं राहिलंय म्हणून मागे वळून पाहिलं, आणि ती कोटाची बटणं लावू लागली.