एका परातीतले लाडू

सकाळी आठला व्यसनमुक्ती केंद्राच्या जेवणघरात चाळीस ट्रकचालक बसायचे आणि चाळीस मनगटांवर ओढमापक लुकलुकायचे. घामातली रसायनं वाचून ही पट्टी तल्लफ सांगायची: लाल म्हणजे भडकलेली, हिरवी म्हणजे निवलेली. जागं ठेवणाऱ्या गोळ्यांनी या माणसांची पार वाट लावली होती. मेंदूतला हुरूपच आटला होता. तो परतावा म्हणून राजगिऱ्याच्या लाडवात एक पोषक द्रव्य घालून देत. चाचणी होती: वीस जणांना खरा लाडू, तुलनेसाठी वीस जणांना द्रव्याविना नुसताच. कोणाला कुठला, हे नावाचे डबे वाटणाऱ्या आहारतज्ज्ञ तेजस्विनी गव्हाणेलाही ठाऊक नव्हतं.

पाचव्या आठवड्यात पट्ट्या हिरव्या होऊ लागल्या. संपत घुले तर चक्क गुणगुणायला लागला! "ताई, पोरीला फोन केला," तो म्हणाला. "दसऱ्याला येतो म्हणून सांगितलंय."

तीन महिन्यांनी निकाल आला. चाचणी चालवणाऱ्या डॉ. बिडकरांनी तेजस्विनीपुढे कागद सरकवला. "दोन्ही गटांत सारखीच सुधारणा. म्हणजे द्रव्याचा उपयोग शून्य. लाडू बंद करू."

तेजस्विनीला जेवणघरातली परात आठवली. पहिल्याच दिवशी संपतनं आपला लाडू फोडून परातीत टाकला होता. मग सगळ्यांनीच टाकले आणि रोज त्या एका परातीतून खाऊ लागले. ढाब्यावर एकट्यानं खायची सवयच कुठे असते हो या लोकांना! आणि ही बाई? नियम तोंडपाठ असून दारात उभी राहून कौतुकानं बघत राहिली. घरच्यांनाही तोडून आलेली माणसं एकमेकांना घास देत होती, त्यांच्यावर ओरडायला तिची जीभच रेटली नाही.

"सर, सगळे वाटून खायचे," ती कशीबशी म्हणाली. "खरं द्रव्य चाळीसही जणांच्या पोटात गेलंय. मी बघत होते."

बिडकरांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, मग चाचणीच बाद! नवी परवानगी मिळायला दोन वर्षं जातील."

"तोवर यांना लाडू?"

"बाद चाचणीतलं द्रव्य कसं देणार?"

तिला स्वतःचाच भयंकर राग आला. पहिल्या दिवशी एक शब्द बोलली असती तर आज हे औषध ठरलं असतं.

आठवड्याभरात पट्ट्या पुन्हा लाल होऊ लागल्या. संपत रिकामी परात पुढ्यात घेऊन बसला होता. गुणगुणणं थांबलं होतं. ती जवळ येताच त्यानं मनगट बाहीखाली लपवलं.

"ताई," त्यानं हळूच विचारलं, "आमचं काही चुकलं का हो?"