राहते की राहतो

बसा. बाकीची मंडळी यायची आहेत अजून, आणि माझे हे एवढे शर्ट राहिलेत. ते उरकले की टेबल मोकळं होईल. आम्ही याच टेबलावर खेळतो. आठवडाभर इस्त्रीचं, रविवारी खेळाचं.

औषधवाले म्हणाले, तुम्हाला आमच्यात यायचंय. छान झालं. पहिल्यांदा खेळणारं माणूस आपलं पात्र घडवताना बघायचं, यासारखं दुसरं सुख नाही मला. एरवी दुकानात सुट्टे पैसे मागायला लाजणारा माणूस इथे बसला की ड्रॅगनच्या जबड्यात हात घालतो. पण तुमचं पात्र करायला घेण्याआधी माझ्या सासूबाईंचं ऐका. मघाशी जिन्यात तुम्हाला ज्यांनी वाट दिली नाही, त्याच त्या.

खेळ सोपा आहे. मी जग सांगते, तुम्ही त्यातलं एकेक माणूस होता. आपण काय करतो ते बोलायचं, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. जगातली बाकीची सगळी माणसं, सराईवाला, राजा, भूतखेत, जे कुणी त्या जगात राहतं ते माझ्या तोंडून बोलतं. एवढंच.

आमच्या टेबलाचे दोन नियम मात्र पक्के. पहिला, जिभेवरून सुटलं ते घडलं. "नाही नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला" हे इथे चालत नाही. दुसरा, पात्राने पात्रासारखं बोलायचं. औषधवाले आमच्यात चेटकीण आहेत. एवढ्या मोठ्या मिशा घेऊन "मी उडते" म्हणतात. शिकवणीच्या बाई दरोडेखोर, त्या "मी कापतो" म्हणतात. क्रियापद चुकलं तर ते पात्राने केलं नाही, तुम्ही स्वतः केलंत असं धरायचं. गंमत म्हणून काढला होता मी हा नियम. औषधवाले एकदा घाईत "मी उतरतो" म्हणाले आणि चष्मा-चपलांसकट स्वतःच दलदलीत उतरले. आम्ही पोट धरून हसलो. त्यांना काही झालं नाही. ते चुकून बोलले होते ना.

सासूबाई इथेच कोपऱ्यात बसून लोकांच्या शर्टांची तुटलेली बटणं लावायच्या. तुम्हाला सांगते, इतकं मऊ माणूस मी पाहिलं नाही. शेजाऱ्यांच्या किल्ल्या, कुणाचं कुत्रं, कुणाच्या पोराचा गृहपाठ, सगळं त्यांच्या गळ्यात. फोनवर विमा विकणारा भेटला तर त्याचं दुखणंखुपणं ऐकून वर विमाही घ्यायच्या. 'नाही' म्हणायची वेळ आली की त्यांचे ओठ नुसते हलायचे. मी या घरात आले तेव्हा मला धड भात शिजवता येत नव्हता. त्यांनी तो करपलेला भात पहिल्यांदा स्वतःच्या ताटात घेतला, आणि पुढे वर्षभर घेत राहिल्या. आई म्हणते मी त्यांना, आणि तोंडदेखलं म्हणत नाही.

एका रविवारी आमचा एक गडी आजारी पडला. मी सहज म्हटलं, "आई, या ना तुम्ही."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"काही कळावं लागत नाही. एक पात्र करायचं फक्त."

"पात्र म्हणजे भांडंच की गं," त्या हसून म्हणाल्या. "आत काय ओतायचं ते सांग."

नवीन माणसाला मी आकडे आधी विचारत नाही. ताकद किती, चपळाई किती, ते मागाहून. आधी माणूस. मी विचारलं, बाई की पुरुष?

"पुरुष," त्या लगेच म्हणाल्या. "बाई मी रोजच असते."

औषधवाल्यांना ठसका लागला. पण त्या गंभीर होत्या. सुईत ओवलेला दोरा तसाच बोटात धरून त्या हळूहळू सांगत गेल्या, आणि आम्ही ऐकत गेलो. तो पहारेकरी आहे. फार उंच नाही, पण दारात उभा राहिला की दार भरतं. कोटाची बटणं त्याने स्वतः लावलीत, घट्ट. तो उभ्याने जेवतो. त्याचं कुणी नाही, म्हणून तो कुणाचा मिंधा नाही.

"आणि त्याला विशेष असं काय येतं?" मी विचारलं. सगळे नवीन खेळाडू इथे जादू मागतात, नाहीतर आग ओकायला मागतात.

आईंनी दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाल्या, "तो नाही म्हणतो. आवाज न चढवता. आणि समोरचा ऐकतो."

काय सांगू तुम्हाला... मी कितीतरी जणांना पात्रं करून दिली आहेत. असं पात्र मी पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःजवळ जे नव्हतं ते सगळं गोळा करून एका माणसात ओतलं होतं, काठोकाठ. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

खेळायलाही लागल्या त्या अशा की औषधवाले तोंडात बोट घालून बघत राहिले. "मी पुढे होतो," म्हणाल्या आणि आवाज खाली उतरला. "मी कर देणार नाही." "मी थांबलोय, आता तू बोल." पाठ ताठ, हात टेबलावर सपाट. एकदाही क्रियापद चुकलं नाही. पुढच्या रविवारी आजारी गडी बरा होऊन आला, तर त्याला आम्ही प्रेक्षक केलं.

मग तो कोठाराचा डाव आला.

जमिनीखालचं जुनं कोठार होतं. आत शिरलेली माणसं बाहेर पळत होती, आणि मागून काहीतरी येत होतं. आता धंद्यातली गोष्ट सांगते. मागून काय येतंय ते मी ठरवलंच नव्हतं. नुसता आवाज करायचा, बाकीचं खेळणाऱ्याच्या मनावर सोडायचं, ही आमची युक्ती. मी ओल्या पोत्यावरून पोतं ओढावं तसा आवाज सांगितला. कुजकट धान्याचा वास सांगितला. बाहेर अंधारून आलं होतं, दिवा लावायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मागे ओळीने टांगलेल्या कपड्यांची प्लास्टिकं उगाच सळसळत होती.

आणि मी म्हटलं, दाराचा अडसर मोडलाय. दार लागेल, पण आतून कुणीतरी धरून ठेवलं तरच.

सगळ्यांनी आईंकडे बघितलं. पहारेकरी होता ना तो, त्याचंच काम.

आईंनी हात टेबलावरून उचलला. मांडीवर घेतला. आवाज त्यांचा नेहमीचा, मऊ.

"तुम्ही जा सगळे," त्या म्हणाल्या. "मी दार धरून राहते."

मला हसू यायला हवं होतं, नियम तर हसण्यासाठीच होता. मी म्हटलं, "आई... राहते की राहतो?"

"राहते."

"अहो, मग पहारेकरी नाही, तुम्ही राहाल आत."

"हो गं. कळतं मला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या करपलेल्या भाताच्या वेळी पाहिलं होतं तसंच. "तो नवीन आहे. त्याने अजून काही बघितलं नाही. त्याला जाऊ दे बाहेर."

एका खोट्या माणसासाठी. कागदावरच्या. त्यालासुद्धा त्यांनी आपल्या वाटणीचं देऊन टाकलं.

मी म्हटलं, "दार लागलं." दुसरं काय म्हणणार? जिभेवरून सुटलं ते घडलं. आणि मागची प्लास्टिकं एकदम थांबली.

आई खुर्चीतून उठल्या. पदराला टोचलेली सुई काढून टेबलात खुपसून ठेवली आणि कुणाशी न बोलता जिना चढून गेल्या. पायांचा आवाज जड होता.

दुसऱ्या दिवशी शेजारीण कुत्रं सोडायला आली. आई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाही." एवढंच. शेजारीण कुत्रं घेऊन परत गेली. माझा नवरा तर हरखून गेला. "अखेर आईला कणा फुटला! तुझ्या खेळाने किमया केली," म्हणाला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? सगळे त्यांना मान द्यायला लागले. विमेवाल्याचा फोन बंद झाला.

पण बटणं लावणं सुटलं. जेवण उभ्याने. आणि एक गोष्ट माझ्याखेरीज कुणाच्या ध्यानात आली नाही. रविवार-रविवार लोकांची क्रियापदं ऐकून माझा कान तयार झालाय. आई आता 'जाते' म्हणत नव्हत्या. 'जातो'ही म्हणत नव्हत्या. "मला जायचंय." "मी बसणार." "मी खाल्लं." "मला नको." बाई की पुरुष हे ज्यात कळणार नाही तेवढंच बोलायचं, दिवसच्या दिवस. करून बघा तुम्ही. घटकाभरसुद्धा जमत नाही. त्याला जमतं.

एकदा स्वयंपाकघरात मी धीर केला. दार लोटून घेतलं. म्हटलं, "माझ्या आईंना परत पाठवा."

समोरचा माणूस माझ्याकडे बघत राहिला. चेहरा त्यांचाच. वाईट नव्हता हो चेहरा, खरंच नव्हता. उलट कीव होती त्यात.

"नाही," आवाज न चढवता उत्तर आलं.

आणि मी ऐकलं. तसाच घडवला होता ना आईंनी त्याला.

मग मी पुन्हा डाव मांडला. शिकवणीच्या बाई यायच्या बंद झाल्या होत्या, औषधवाले आले. दोघंच. भर दुपारी, सगळे दिवे लावून. त्यांची चेटकीण कोठारापर्यंत गेली आणि म्हणाली, "मी दार ठोठावते. आत कोण आहे?"

जगातल्या माणसांच्या वतीने उत्तर द्यायचं काम माझं. मी काय बोलावं याचा विचार करत होते. तोंड माझं आधीच उघडलं होतं.

"आहे मी. तुम्ही जेवलात का?"

औषधवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. "काय हुबेहूब काढलात आवाज! कमाल आहे!" त्यांचे डोळे भरून आले होते. मी काढला नव्हता. मी तोंड धरून बसले होते.

तेव्हापासून त्या बोलतात. खेळ मांडला की, माझ्या तोंडून. म्हणून मला खेळ थांबवता येत नाही, आणि म्हणून मला माणसं हवीत. दार बाहेरून उघडून त्यांना ओढून काढतील अशी, तुमच्यासारखी धडधाकट पात्रं. आधी त्या बऱ्या होत्या. "हात जरा भरून आलेत," म्हणायच्या. "माझा पोरगा वेळेवर येतो ना घरी?" विचारायच्या. तिथे आत काय आहे, असं मी विचारलं की म्हणायच्या, "दिसत नाही गं. तू सांगितलंच नाहीस ना."

गेल्या रविवारी म्हणाल्या, "आता ते मागून धक्के मारत नाही. बोलतं. फार अदबीने बोलतं बिचारं. मला तुमच्या आत घ्या म्हणतं."

मी ओरडले, "नाही म्हणा, आई! नाही म्हणा!"

औषधवाले खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे. मग माझ्याच ओठांतून, अगदी हळू, शरमून...

"ते कसं म्हणतात गं?"

मी सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांचे ओठ, म्हणजे माझे ओठ, नुसते हलत राहिले. तो शब्द तर वर राहतो, आमच्या घरात, जिन्याच्या वर.

म्हणून आज लवकर बसायचंय. हा शेवटचा शर्ट. तुम्ही दणकट कुणीतरी घ्या, पहिलवान घ्या, आणि काही झालं तरी क्रियापद सांभाळा. फासे तिथे वाटीत आहेत, हाताळून बघा. घाबरू नका, इतकं काही...

नाव काय आपलं? आत येऊ का?

...थांबा. सांगू नका. हे मी विचारलं नाही. आणि आईंचा आवाज असा नाही.