कागदाचे कावळे, काळी भिंत

"भिया नको गो. काळोखाक नाव दी, हाक मार. मगे तो मांजरासारखो पायाकडे येवन बसता."

धोंडूआजोबांचा हा आवाज अजून कानात आहे. मी अगदी लहान होते. चारकोपच्या आमच्या घरात दिवे गेले होते आणि मी भोकाड पसरलं होतं. गिरणीतल्या सुताच्या धुळीने आजोबांचा घसा कायमचा खरखरीत झालेला. अंधारात तो आवाज आला की वाटायचं, कुणीतरी घोंगडी पांघरून शेजारी बसलंय. मी काळोखाचं नाव ठेवलं बाब्या. आणि बाब्या माझा झाला.

आता तोच माझा धंदा आहे. लोक गणपतीची मखरं करतात, मी भुतांची करते. चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेले जाळीचे पडदे, सायकलच्या रिमचं झुंबर, गोट्या रंगवून केलेलं डोळ्यांचं तोरण... हॅलोविन जवळ आलं की अंधेरीचे कॅफे आणि पवईच्या टॉवरमधली घरं हे सगळं मागवतात. काहींना मात्र बारा महिने असंच घर हवं असतं, काळंभोर आणि गूढ. ती माझी लाडकी गिऱ्हाइकं.

आई म्हणते, "तेजल, ह्या भुतांमुळेच तुझं लग्न अडलंय." एका अर्थी खरं आहे. मुलुंडचा एक मुलगा बघायला आला होता. गोड बोलायचा. माझं भुतांच्या सामानाचं कपाट उघडून पोट धरून हसला आणि म्हणाला, "क्यूट आहे यार! पण लग्नानंतर हे अभद्र बंद हां." मी नकार कळवला. आईला सांगितलं, नाक आवडलं नाही. आणि मनाशी ठरवलं, ज्याला माझा काळोख आवडेल त्यालाच मी माझं मन देईन. नाहीतर कुणालाच नाही.

पितृपक्षातली एक सकाळ होती. ऊन भादव्याचं, पाठीवर चटका देणारं. सोसायटीच्या गच्चीवर मी कागदाच्या लगद्याचे कावळे वाळत घातले होते. पाय दोरीला बांधून, उलटे, ओळीने.

"अहो... हे कावळे तुमचे का?"

मी वळले. दारात एक तरुण उभा. कपाळाला गंध, केस ओले, आणि सुटू पाहणारं धोतर एका मुठीत घट्ट धरलेलं. जिने धावत चढून आल्यामुळे छाती भात्यासारखी हलत होती.

"माझे. कागदाचे आहेत."

"ते मला कळतंय हो. खऱ्या कावळ्यांना नाही ना कळत!"

त्याने समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे बोट दाखवलं. तिथे एक बाई केळीचं पान मांडून कठड्याशी उभ्या होत्या. पानावर वडे, खीर, भात. वर आभाळात कावळ्यांचा नुसता कालवा. एखादा खाली झेपावायचा, माझ्या दोरीवर आपले भाऊबंद उलटे लटकलेले बघायचा आणि ओरडत उलटा फिरायचा.

"बाबांचं पहिलं श्राद्ध आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "आई मघापासून उभी आहे. तिला वाटतंय, बाबा रागावलेत."

माझा चेहरा खर्रकन उतरला. "अगं बाई! सॉरी, सॉरी... धरा, हे धरा!"

मी भराभर गाठी सोडू लागले. तो एकेक कावळा दोन बोटांच्या चिमटीत, हात लांब करून, तोंड दुसरीकडे फिरवून टोपलीत टाकत होता. "भारी आहेत हं," तो म्हणाला. "एकदम झकास." मला वाटलं, रंग ओला म्हणून जपतोय.

माफी मागायला मी त्याच्या मागोमाग समोरच्या गच्चीवर गेले; वाटेत माझ्या भुतांच्या मखरांचं सांगून झालं. कागदाचे कावळे काढले तरी खरे कावळे रुसून बसले होते, टाकीवर, पानाकडे पाठ करून. त्याच्या आईने, शेवंतीकाकूंनी, हात जोडले. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिलीय. ती पुरी करायचा शब्द द्यायचा असतो.

"अहो, सिद्धूचा लगीन करतंय मी. काळजी करू नकात."

कावळ्याने मान फिरवली.

"मे महिन्यात गावच्या घराक जातलंय."

कावळ्याने पंख खाजवला.

"बाबा, बाथरूमचा नळ बदलतो," सिद्धू, म्हणजे सिद्धेश म्हणाला. "आजच!"

काही नाही. काकूंचे डोळे भरून आले. ते मला बघवेना. मी पुढे झाले, पदर नव्हता म्हणून ओढणीच डोक्यावर घेतली आणि म्हटलं, "काका, चूक माझी आहे हो. तुमच्या घरातली एक भिंत मी माझ्या हाताने सजवून देते. आता तरी जेवा."

कावळा आला. सरळ, टाकीवरून पानावर. वडा चोचीत धरून उडालासुद्धा!

शेवंतीकाकूंनी माझा हात धरला. "बोललंस तां आता करूक व्हया हां गो."

काकूंच्या मनात मोर होता. फार तर एखादी गवळण. पण सिद्धेश मध्येच म्हणाला, "माझ्या खोलीतली भिंत करू. आणि तुम्ही करता तशीच... भुतांची."

"खरंच? लोकांना अभद्र वाटतं."

"मला आवडतं," तो म्हणाला. माझ्याकडे बघत म्हणाला. मग पटकन माझ्या रंगाने माखलेल्या बोटांकडे बघू लागला.

मी भिंत काळी केली, वांग्याच्या सालीसारखी, आतून जांभळी झाक असलेली. त्यावर निष्पर्ण झाडाच्या फांद्या काढल्या. सिद्धेश अंधेरीला लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. संध्याकाळी यायचा आणि शिडी धरून उभा राहायचा. शिडी मुळीच हलत नव्हती. तरी धरायचा.

"तुम्ही पडाल."

"रोज चढते मी शिडीवर."

"रोज मी नसतो ना."

"असलात तर काय कराल? झेलाल?"

"प्रयत्न करीन. वजन किती?"

मी ब्रश झटकला. काळा थेंब नेमका त्याच्या नाकावर. त्याने तो पुसला नाही. काकूंनी आणलेला चहाही तसाच प्यायला. त्या संध्याकाळी 'तुम्ही' कुठेतरी गळून पडलं आणि 'तू' कधी आलं, दोघांनाही कळलं नाही.

भिंत झाली. पण सिद्धेशच्या मागण्या संपेनात. आधी झुंबर, मग डोळ्यांचं तोरण, मग डाग पडलेल्या काचेचा आरसा. शेवटी मी त्याला प्लास्टरचा हात करून दिला. भिंतीतून मनगटापर्यंत बाहेर आलेला, लांब नखांचा, बोटाला चाव्या अडकवायला.

"कसा आहे?"

"क... कमाल. अगदी जिवंत."

त्याच्या तोंडून 'कमाल' ऐकलं की माझ्यात काहीतरी हलायचं. संध्याकाळ झाली की कान जिन्याकडे लागायचे. शब्द ओठांवर यायचा... आणि मी तो परत आत ढकलायची. अजून थोडं थांबू, खात्री करू. मुलुंडनंतर मी भलतीच सावध झाले होते.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी मी काळ्या कागदी गुलाबांची माळ घेऊन त्यांच्याकडे गेले. सिद्धेश बाजारात गेला होता. काकू खोबरं किसत होत्या.

"जा गो आत, लावून टाक."

मी खोलीत शिरले आणि जागच्या जागी थिजले. आरशावर टॉवेल. तोरणावर उशीचा अभ्रा. झुंबराला बेडशीट गुंडाळलेली. आणि माझ्या प्लास्टरच्या हाताला, मनगटापासून नखांपर्यंत, मोठा चौकटीचा रुमाल बांधलेला. जसा फ्रॅक्चर झाल्यावर बांधतात.

"काकू, हे काय?"

काकू दारात आल्या. हसू दाबायला गेल्या, पण ते सुटलंच. "काय सांगा तुका! महिनो झालो, झील माझो हॉलात निजता. ट्यूब चालू ठेवन! मियां म्हटलंय, काढून टाक तां सगळा. तर म्हणता, आये, हात लावशीत तर बघ."

काकू हसत होत्या. मला हसू येईना. झकास, भारी, कमाल... सगळं खोटं? मुलुंडच्या मुलाने निदान तोंडावर तरी सांगितलं होतं.

मी खुर्ची ओढली, वर चढले आणि तोरण काढायला सुरुवात केली. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन सिद्धेश आला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"आये!"

"माका काय म्हणतंस? तुझां तू निस्तर." काकू स्वयंपाकघरात गेल्या. किसणी मात्र सुरू झाली नाही.

"तेजल, ऐक ना..."

"तुला आवडत नव्हतं तर बोलायचंस. मी मोर काढला असता."

"आवडतं मला."

"म्हणून पांघरूण घातलंस?"

मी प्लास्टरच्या हाताचा रुमाल सोडला, हात खिळ्यावरून काढला आणि पिशवीत कोंबू लागले.

"भीती वाटते," सिद्धेश म्हणाला. "लहानपणापासून. भुताचा पिक्चर लागला की मी गॅलरीत जायचो."

"तू लिफ्टच्या काळोख्या डक्टमध्ये उतरतोस रे!"

"तिथे टॉर्च असतो. आणि तिथल्या कुठल्याच वस्तूला नखं नसतात."

मला हसायचं नव्हतं. ओठ दाबून धरले.

"मग मागत का राहिलास? एकामागून एक?"

"भिंत संपली असती तर तू आली नसतीस," तो सरळ म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "पण खोटं नाही बोललो मी. तू केलेल्या डोळ्यांना मी घाबरतो म्हणजे ते डोळे खरे झालेत ना? ज्याला काहीच वाटत नाही, तो कसली तारीफ करणार? आमच्या गावी मला समुद्राचीही भीती वाटायची. म्हणून किनाऱ्यावर गेलोच नाही असं नव्हतं. रोज थोडा थोडा आत जायचो. इथेही जातोय. परवा आरशावरचा टॉवेल काढून इथेच झोपलो होतो. पहाटेपर्यंत टिकलो."

"आणि मग?"

"मग आईने पाण्याचा नळ सोडला आणि मी किंचाळलो."

स्वयंपाकघरातून फुस्स करून हसू फुटलं.

सिद्धेश पुढे आला. माझ्या पिशवीतून त्याने तो पांढरा, लांब नखांचा हात बाहेर काढला. नखं लागू नयेत म्हणून तो अंगापासून लांब धरला. तरी त्याने हात भिंतीपाशी नेला, खिळा चाचपला आणि अडकवला. रुमाल बांधला नाही. खिशातून स्वतःच्या चाव्या काढून त्या बोटात घातल्या आणि पटकन एक पाऊल मागे सरला.

"काही काढू नकोस," तो म्हणाला. "आणि हे करायचं थांबवूही नकोस. कधीच. माझ्यासाठी तर अजिबात नाही."

मी खुर्चीवर तशीच उभी. मुलुंडचा मुलगा जरासुद्धा घाबरला नव्हता. हसला होता आणि म्हणाला होता, बंद कर. हा माणूस महिनाभर ट्यूबच्या उजेडात कूस बदलत पडला होता आणि म्हणत होता, थांबू नकोस. मी शोधत होते तो कुणीतरी काळोख आवडणारा. किती चुकीचं शोधत होते मी...

मी खाली उतरले. त्याने सवयीने खुर्ची धरली. खुर्ची हलत नव्हती.

"सिद्धेश, मला एक मुलगा बघायला आला होता. मी नाही म्हटलं. आईला सांगितलं, नाक आवडलं नाही."

"माझं नाकही काही..."

"गप्प बस जरा. मला बोलू दे, नाहीतर परत राहील." माझा आवाज खाली खाली जात होता. "नाकाचं काही नव्हतं. तो म्हणाला होता, लग्नानंतर हे बंद कर. तेव्हापासून मी कुणाला मनातलं सांगितलंच नाही. तू शिडी धरायचास, तेव्हा मी मुद्दाम हळू रंगवत होते. झालेल्या फांद्यांवरून परत ब्रश फिरवत होते. ही भिंत कधीच झाली होती रे. मलाच ती संपवायची नव्हती."

त्याने अजून खुर्ची धरूनच ठेवली होती. स्वयंपाकघरात श्वाससुद्धा वाजत नव्हता.

"तू आवडतोस मला," मी म्हटलं. "असाच. घाबरट."