नाण्याएवढा रंग

हॉर्न बंदच होईना! तिने स्टिअरिंगवर थापट्या मारल्या, किल्ली काढली, शेवटी कानांवर हात ठेवून अंगणातच उभी राहिली. तेवढ्यात उघड्या फाटकातून एक अनोळखी माणूस धावत आला, त्याने बॉनेट उचललं, बॅटरीची वायर ओढून काढली… आणि हुश्श!

"हॉर्नची वायर चेपलीय स्टिअरिंगखाली," तो म्हणाला. "कुणी बसवली?"

"मीच."

"तरीच!"

तिला राग आला. हसूही आलं, आणि त्याचा आणखी राग आला.

ती शाळेत चित्रकला शिकवायची. तो बस डेपोत वायरमन. गाडी तिच्या बाबांची, तीस वर्षं जुनी; तिने ती स्वतःच उघडून, रंगवून पुन्हा जोडली होती. बाबा दवाखान्यात दाखल झाले त्या दिवशी ती बोलून बसली होती, "घरी याल ते तुमच्याच गाडीतून." बाबांनी ते डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शनिवारी अकराला त्यांना घरी सोडणार होते. आणि गाडीचं मन कधी फिरेल, सांगता येत नव्हतं! ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकायचे. किल्ली फिरवली की एखादे दिवशी इंजिन लगेच सुरू, एखादे दिवशी नुसतं — टक्.

आठवडाभर तो रोज ड्युटी संपल्यावर येत राहिला. एकेक वायर तपासायचा, ती टॉर्च धरायची.

"बाई, टॉर्च हलतोय."

"रस्त्यात बंद पडली तर? बाबांना धक्का सोसायचा नाही हो…"

"नाही पडणार." मग जरा थांबून, "तुम्ही अशा काळजीत असलात की भुवई वर जाते. डावी."

टॉर्च आणखीच हलला.

शनिवारी सकाळी नऊला तिने किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. तिने डेपोत फोन लावला. निरोप मिळताच तो आला, वाकला, आणि बॅटरीची जाड वायर जिथे गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडली होती, तिथे बोट ठेवलं.

"बाई, इथेही रंग दिलाय?"

"सगळीकडे दिलाय. चार हात. का?"

"करंट परत येतो तो या पत्र्यातून. रंगावरून कसा येईल? खरवडावा लागेल."

तिचा जीव कळवळला. तो हिरवा रंग जमायला तिला तीन आठवडे लागले होते. घड्याळात साडेनऊ.

"खरवडा," ती म्हणाली, आणि तोंड फिरवलं.

नाण्याएवढा पत्रा लखलखीत झाला. बोल्ट आवळला. किल्ली — आणि इंजिन धडधडू लागलं! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"हे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं," तो बॅगेत हत्यारं भरत पुटपुटला. "चूक माझी. रोज इथे उभा राहून मी… वायरीच बघत होतो असं नाही."

तिने बॉनेट लावलं. गाडी बरी झाली, म्हणजे उद्यापासून हा येणार नाही. सकाळपासूनची भीती गेली आणि तिच्या जागी ही नवीनच येऊन बसली.

"वाटेत बंद पडली तर… याल बरोबर?"

तो मागच्या सीटवर बसला, बॅग मांडीवर घेऊन.

दवाखान्याच्या दारात बाबांनी बॉनेटवरून हात फिरवला, बराच वेळ. मग पुढे बसले, मान कलती करून इंजिन ऐकलं.

"ही आता बंद पडायची नाही." त्यांनी मागे पाहिलं. "हे कोण?"

"वायरमन. यांनीच दुरुस्त केली."

"छान! यांना कुठे उतरायचंय?"

तिने आरशात पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता.

"आपल्याच घरी, बाबा. म्हणजे… मला तसं वाटतं. त्यांना अजून विचारलं नाही."

"मग विचार की! मागेच तर बसलाय!"

मागे हत्यारांची बॅग मांडीवरून खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काका," तो म्हणाला, "घरीच चला."