काड्याच्या मानेवरची गाठ

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ताई जागी असताना मी हा विषय काढत नाही. दिवा जरा अलीकडे ओढा.

पाण्याचे मीटर वाचायचं माझं काम. झाकण उचलायचं, आकडा वहीत उतरवायचा, पुढचं घर गाठायचं. त्या दुपारी गल्लीच्या टोकाचं एक बैठं घर लागलं. दाराला कुलूप, पायरीवर वर्तमानपत्रांचा ढीग. मीटर मागच्या अंगाला होता. झाकण उचललं तर आतलं चक्र सावकाश फिरत होतं. बंद घरात पाणी कोण वापरतंय, म्हणून परसात डोकावलो.

तिथे कुत्रा होता. कुत्रा कसला, कातडं पांघरलेला सापळा. साखळीने नळाच्या खांबाला बांधलेला. ओढून ओढून पट्टा मानेत इतका रुतला होता की कडेने मांस दिसत होतं. पण त्याच्यापुढच्या पातेल्यात काठोकाठ स्वच्छ पाणी होतं. नळ मात्र गंजून घट्ट बसलेला. दोन्ही हातांनी जोर लावला तरी हलला नाही.

तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. शेजारून पकड मागून आणली, साखळी तोडली आणि त्याला पोत्यात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पट्टा कापून काढला. "आठ दिवस काढले तर वाचला म्हणा," एवढंच बोलले.

घरी मी आणि माझी मोठी बहीण, दोघंच. ताईची सगळी नोकरी इस्पितळात नर्स म्हणून गेली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ही काडी कुठून उचलून आणलीस?"

म्हणता म्हणता तिने गरम पाणी ठेवलं. त्याचं नावही तेच पडलं, काड्या. जखम धुऊन तिने पट्टी बांधली. तिची गाठ मी लहानपणापासून ओळखतो. चपटी, घट्ट, टोकं एका मापाची.

दोन दिवस काड्याने अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी वाटी तशीच भरलेली, पण त्याचं पोट तटतटलं होतं. आणि मानेवरची गाठ वेगळी होती. बुटाच्या नाडीसारखी, दोन फासांची, टोकं आत खोचलेली.

"पट्टी तू बदललीस?" ताईने विचारलं.

"मी कशाला हात लावू?"

तिने गाठ सोडून पुन्हा स्वतःची बांधली. दुसऱ्या दिवशी पट्टीच निराळी होती. निळ्या रेघांच्या जुन्या, मऊ कापडाची. तसलं कापड आमच्या घरात नव्हतं. खालची जखम मात्र स्वच्छ, कडेने नवी कातडी धरू लागलेली.

माझं कामात लक्ष लागेना. आकडे चुकायला लागले. मी रजा टाकली आणि दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. ताई माझ्यामागे, हातातलं भांडं उगाच पुसत.

तीनच्या सुमाराला काड्याने डोकं उचललं. कान मागे पाडले, शेपटी जमिनीवर आपटली. मग मान वर केली आणि तशीच धरली, दाढी करून घेणाऱ्या माणसासारखी. दोन कानांमधले केस चपटे झाले... उठले... पुन्हा चपटे झाले. कुणी जड माणूस खाली वाकला की नाकातून श्वास टाकतो ना, तसा श्वास ऐकू आला. सर्दीच्या मलमाचा वास आला. पट्टीचं टोक हळूच सुटलं.

ताईने माझा खांदा इतका घट्ट धरला की चार दिवस वळ राहिले.

संध्याकाळी मी त्या गल्लीत गेलो. समोरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांना विचारलं.

"म्हातारे गृहस्थ होते, एकटेच," त्या म्हणाल्या. "झटका आला, वाचा गेली. स्ट्रेचरवरून नेताना सारखे मागे हात करत होते. आम्हाला वाटलं, कुलूप लावा म्हणतायत. लावलं आम्ही कुलूप... तिसऱ्या दिवशी गेले."

"अंगावर काय होतं त्यांच्या?"

"निळ्या रेघांचा पायजमा. का हो?"

मला काड्या सापडला तेव्हा कुलूप लावल्याला बावीस दिवस झाले होते. कुत्रा भुंकला नव्हता का, असं मी विचारलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं की तो भुंकला होता.

घरी येऊन ताईला सांगितलं. ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. त्यानंतर तिने गाठीला हात लावायचं सोडलं. महिन्याभरात काड्या असा टुणटुणीत झाला की नाव बदलायला हवं होतं. मानेवर केससुद्धा आले. मग एका दुपारी, तीन वाजता, ताई खोलीत उभी राहिली. इस्पितळात रुग्णापाशी बसून राहिलेल्या नातेवाइकाला समजवावं, तशा आवाजात म्हणाली, "झालं आता त्याचं. बरा झालाय तो. आम्ही सांभाळू, जिवापाड सांभाळू. तुम्ही या आता."

काड्या उठला, दारापर्यंत गेला, शेपूट हलवत तिथे थांबला. थोड्या वेळाने परत येऊन झोपला. मलमाचा वास गेला. दोघांनाही हायसं वाटलं. ताई तर त्या दिवशी मोठ्यांदा रडली.

याला पाच महिने झाले. सगळं सुरळीत चाललंय. फक्त जिना चढताना काड्या प्रत्येक वळणावर थांबतो, मागे बघतो. कुणी सावकाश चढणारं मागून येत असावं तसा. ताईचे गुडघे दुखतात, तिच्यासाठी थांबत असेल, असं आम्ही धरून चाललो.

परवा मात्र तो थांबला नाही. ताई माझ्यामागे भाजीची पिशवी घेऊन चढत होती आणि काड्या धावत वर, आमच्या दाराशी. कुलूप मी लावलेलं, किल्ली माझ्या खिशात. आतून कुणीतरी विचारलं, हळू, जीभ जड असल्यासारखं...

"आलात?"