पहिली जोडी

ही गोष्ट मी रंगवून सांगत नाहीये. रंगवायला गेले तर मलाच जेवण जाणार नाही.

माझी मावसबहीण मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवते. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या. त्यातली पहिली वासाची, सगळ्यात नाजूक. "पहिली जोडी हळू सोडवा," असं ती इतक्यांदा बजावते की मुलं तिला 'पहिली-जोडी बाई' म्हणतात.

त्या मंगळवारी, भर सकाळी अकरा वाजता, तिनेच घाई केली.

लेकीची शाळा लवकर सुटणार होती. टेबलावर देहदान केलेले एक आजोबा होते. तिने मेंदू उचलला आणि...

टच्.

पहिल्या जोडीच्या टोकाचे, वासाचे दोन्ही कंद तुटून कवटीतच राहिले. शेंगदाण्याच्या पाकळीएवढे, बुळबुळीत. तिने ते चमच्याने खरवडले आणि कचऱ्याच्या बादलीत टाकले. मेंदू दोऱ्याने बांधून, तळ वर करून, फॉर्मॅलिनच्या बरणीत टांगला. चिठ्ठीवर लिहिलं, 'बाराही जोड्या शाबूत.'

शाळेच्या फाटकात लेक येऊन बिलगली. हिने नेहमीसारखं तिचं डोकं हुंगलं.

आणि झटकन तोंड फिरवलं...

ओल्या फडक्यात आठवडाभर गुंडाळून ठेवलेल्या मांसाचा वास.

तिने लेकीला न्हाऊ घातलं. एकदा, दोनदा, तीनदा. वास तसाच. भातालाही तोच, पाण्यालाही तोच. घास तोंडात फिरायचा. नवरा म्हणायचा, "अगं, कसलाच वास नाहीये."

आठव्या दिवशी त्या आजोबांची बायको कॉलेजात आली.

"सापडलं का हो काही? दोन वर्षं त्यांना सगळ्याला सडका वास यायचा. नातवालासुद्धा जवळ घेत नसत. डॉक्टर म्हणाले, मेंदूत खोल कुठेतरी बिघाड असेल. म्हणून तर देह दिला त्यांनी. कुणीतरी नीट बघावं म्हणून."

"बघते," ही म्हणाली आणि बरण्यांच्या खोलीत गेली.

खोलीत कुणी नव्हतं. पंखासुद्धा बंद होता. तिने बरणीचं झाकण उघडलं. दोरा हलत होता...

मेंदू राखाडी, रबरासारखा घट्ट झालेला.

पण तळाशी, तुटलेल्या जागी...

दोन कंद होते.

गुलाबी. ओले. ताजे.

ती तिथेच बेसिनमध्ये ओकली. ओकारीला मात्र कसलाच वेगळा वास नव्हता. तोच होता.

याला चार महिने झाले. नाकाच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. बरणी अजून फळीवर आहे. ती चिठ्ठी आता खरी आहे, आणि त्या बरणीला हात लावायची कुणाची हिंमत नाही.

काल तिची लेक माझ्याकडे राहायला आली होती. निजताना डोकं पुढे करून म्हणाली, "मावशी, हुंगून बघ ना. खरं सांग हं."

मी हुंगलं. साबणाचा वास होता. नुसता साबणाचा. मी तिला तसं सांगितलं.

तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. घासून घासून तिच्या कानांमागची कातडी सोलवटली होती.