एवढं गाणं संपू द्या

थोरलीने त्या दिवशी धाकट्या भावाची गाडी बाहेर काढली ती केवळ कामापुरती. ती चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायची. तयार काचांचे खोके गावाबाहेरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पोचवायचे होते आणि कारखान्याची गाडी ऐनवेळी रुसली होती. मालकांचा जीव टांगणीला लागलेला बघून तिच्या तोंडून निघून गेलं, की आमच्याकडे एक गाडी नुसती उभी आहे.

नुसती उभी होती खरी. धाकटा गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या बोळकांडीत लोंबकळत काम, म्हणून गाडीत बसला की त्याला गाणं लागायचं. गाडी जुनी, तिच्यात कॅसेटचा स्टिरिओ. नवा बसव म्हणून सगळे कानीकपाळी ओरडले, पण ऐकेल तर शपथ. त्याने कुठून तरी एक शेपटीवाली कॅसेट पैदा केली. दिसायला कॅसेट, पण आत फीत नाही, आणि एका कडेतून वायर बाहेर आलेली. ती स्टिरिओत सरकवायची, वायर काडेपेटीएवढ्या प्लेअरला जोडायची, की प्लेअरमधली गाणी गाडीच्या स्पीकरमधून वाजू लागत. म्हातारीला नवी कवळी बसवली, असं तो म्हणायचा.

त्याची एक खोड होती. गाडी घराखाली लागली तरी चालू गाणं संपल्याशिवाय तो उतरायचा नाही. आई वर खिडकीतून बघायची, ताटं घ्यायची, आणि साहेब खाली डोळे मिटून बसलेले.

त्या संध्याकाळीही तसंच झालं. गाडी आली. आईने जेवण गरम करायला ठेवलं. गाणं मोठं असेल, म्हणून थांबली. मग दुसरं लागलं असेल, म्हणून थांबली. अन्न पुन्हा गार झालं तेव्हा ती कुरकुरत खाली गेली. धाकटा सीटला मान टेकून शांत बसला होता. प्लेअर गप्प झाला होता. तिने त्याला उठवायला हात धरला, तर हातही गार.

हृदय बंद पडलं, त्याला कळलंसुद्धा नसेल, असं डॉक्टर म्हणाले. पण आईच्या मनाने एकच धरलं. त्याने हाक मारली असणार, आणि आपण वर ताटं मांडत बसलो. तेव्हापासून ती खिडकीशी बसून असायची. खा म्हटलं तर दोन घास खायची. बोल म्हटलं तर मात्र बोलायची नाही.

तर थोरलीने खोके पोचवले आणि परत फिरली तेव्हा दिवस कलला होता. रस्ता निर्मनुष्य, दोन्हीकडे मोकळं रान. गाडीत अजून त्याच्या कामाच्या कपड्यांचा, ग्रीसचा वास होता. तिला राहवलं नाही. कप्प्यातून प्लेअर काढून तिने वायर जोडली. थोडी खरखर झाली आणि त्याचं एक आवडतं गाणं सुरू झालं. तिच्या डोळ्यांना धार लागली. पहिलं कडवं संपता संपता तिला जाणवलं, की गाण्याच्या खाली आणखी काहीतरी आहे.

श्वास. कुणीतरी संथ श्वास घेत होतं. मग बोटांचा ठेका, स्टिअरिंगवर वाजवल्यासारखा, तालाच्या किंचित मागे. धाकट्याला ताल कधीच धरता आला नाही.

तिने गाणं बदललं. दुसऱ्याच्या खालीही तेच. गाणं थांबवलं, तर इंजिनाच्या घरघरीशिवाय काही नाही. पुन्हा लावलं तेव्हा तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि कान स्पीकरला लावला.

"एवढं गाणं संपू द्या…" धाकट्याचा आवाज म्हणाला. "मग येतो."

तिने झटकन कान मागे घेतला. पण खरं सांगायचं, तर भीतीपेक्षा हायसं जास्त वाटलं. त्या आवाजात कळ नव्हती, घाबरलेपणा नव्हता. रोज म्हणायचा तेच म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी तिने ती कॅसेट एका स्टिरिओ दुरुस्त करणाऱ्याला दाखवली. त्याने ती उलटीपालटी केली. म्हणाला, बाई, ही नळासारखी आहे, एकीकडून आलेलं दुसरीकडे सोडते, हिच्यात काही साठून राहत नाही. प्लेअरही त्याने तपासला. गाणी तेवढी होती, बोलणं कुठे नव्हतं.

चार दिवस तिने हे पोटात ठेवलं. पण आई दिवसेंदिवस वाळत चालली होती. शेवटी एका संध्याकाळी थोरली तिच्याजवळ बसली आणि सगळं सांगितलं. तो हाक मारत नव्हता गं, गाणं ऐकत होता, तू स्वतः ऐक, म्हणजे तुझ्या मनातला काटा निघेल. आईने उठून पायात चपला सरकवल्या.

गाडी धाकटा गेला त्या दिवशी होती तिथेच उभी होती. आई डाव्या सीटवर बसली, पदर तोंडाशी धरून. थोरलीने गाणं लावलं. श्वास आला, ठेका आला. आईचा हात पुढे गेला आणि स्पीकरच्या जाळीवर टेकला, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकावा तसा.

"एवढं गाणं संपू द्या… मग येतो."

दोघी शेवटपर्यंत बसून राहिल्या. गाणं संपलं. त्यानंतर, फक्त डाव्या स्पीकरमधून, गाडीचं दार उघडल्याचा आणि हळूच लावल्याचा आवाज आला. आईच्या बाजूचं दार बंदच होतं.

आई घाबरली नाही. जिना चढताना मात्र ती मधेच थांबली, कठड्याला धरून.

"मला तो 'दे' म्हणायचा," ती म्हणाली. "'एवढं गाणं संपू दे गं.' जन्मात कधी मला 'द्या' म्हणाला नाही… कुणाशी बोलत होता गं तो?"

थोरलीला हे सुचलंच नव्हतं.

आईने डोळे पुसले. "जो कुणी होता, भला असावा," ती म्हणाली. "पोराचं गाणं संपेपर्यंत थांबला."

त्या रात्री आई पोटभर जेवली. हळूहळू घरात बोलू लागली, खिडकीतून शेजारणीशी हसूही लागली. थोरलीने ती कॅसेट काढून प्लेअरबरोबर आपल्या पिशवीत ठेवली. परत लावायचं धाडस तिला झालं नाही. गाडी मात्र ती वापरत राहिली.

एकदा दिवेलागणीला ती कामावरून आली, घराखाली गाडी लावली आणि उतरायला दाराच्या खिटीवर हात ठेवला. स्टिरिओ बंद होता. त्याचं कॅसेटचं तोंड मोकळं होतं. वर खिडकीत आई उभी होती, तिची वाट बघत.

डाव्या स्पीकरमध्ये खरखर झाली.

"आई घरीच आहेत ना?" कुणीतरी विचारलं. आवाज अनोळखी, वयस्कर, फार अदबशीर. जुन्या ओळखीतल्याने दारात उभं राहून विचारावं, तसा.

थोरलीने मान वळवली नाही. शेजारची सीट हलकेच करकरली, कुणी सावरून बसावं तशी.

तिने दारावरचा हात काढून घेतला. पिशवीतून चाचपडत कॅसेट काढली, स्टिरिओत सरकवली, वायर जोडली, आणि प्लेअरमध्ये जे सगळ्यात मोठं होतं ते बासरीवादन लावलं. मग गाडी सुरू करून तिने ती घरापासून उलट्या दिशेला वळवली.

ही आता परत कुठे निघाली, ते आईला कळेना. पण गाडी वळणाआड जाईपर्यंत ती खिडकीतून हात हलवत राहिली.